दुखायचे थांबले, मग रूट कॅनाल कशासाठी?

प्रश्न : खालची एक दाढ काही दिवस रात्री फार ठणकत होती. डॉक्टरांनी एक्स-रे काढून रूट कॅनाल (दाढेतली खराब नस काढून आतली पोकळी साफ करून भरणे) करावी लागेल आणि त्यावर कॅप बसवावी लागेल, असे सांगितले. मी मेडिकलमधून गोळ्या आणून घेतल्या आणि आठवड्याभरात दुखणे पूर्ण थांबले. आता घरचे म्हणतात की, दुखत नाही तर एवढा खर्च कशाला, डॉक्टर वाढवूनच सांगतात. मी काय करावे?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : तुमची दाढ मी पाहिलेली नाही, त्यामुळे निदान करत नाही, परंतु रात्री झोपू न देणारा ठणका आपोआप थांबतो, तेव्हा दाढ बरी झालेली असण्यापेक्षा तिच्यातील नस मेलेली असण्याची शक्यता फार मोठी असते. कीड नसेपर्यंत पोहोचली की आत सूज येते, आणि चारही बाजूंनी कठीण दात असल्यामुळे त्या सुजेला पसरायला जागा मिळत नाही; तोच तो ठणका. नस मेली की संवेदनाच संपते आणि रुग्णाला हायसे वाटते, मात्र जंतू आतच राहतात व मुळाच्या टोकातून हळूहळू जबड्याच्या हाडात उतरतात. गोळ्यांचा उपयोगही इथे तात्पुरताच असतो, कारण औषध रक्तावाटे पोहोचते आणि मेलेल्या नसेला रक्तपुरवठा उरलेला नसतो. पुढे कधीतरी, बहुधा नेमक्या लग्नकार्यात किंवा गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, गाल सुजून रुग्ण धावत येतो, आणि तोवर काही वेळा दाढ वाचवण्याची संधी निघून गेलेली असते.

तुमच्या पत्रातला खरा प्रश्न मात्र दाढेचा नसून विश्वासाचा आहे, आणि तो विचारल्याबद्दल मला मुळीच राग नाही. तोंडाच्या आत काय चालले आहे हे रुग्णाला स्वतःला दिसत नाही, दुखणे थांबलेले असते आणि समोरचा माणूस खर्चाचा आकडा सांगत असतो. अशा वेळी शंका येणे स्वाभाविक आहे. ती दूर करणे हे डॉक्टरांचे काम आहे. एक्स-रे तुमच्यासमोर धरून कीड कुठवर गेली आहे आणि मुळाच्या टोकाशी काळसर सावली दिसते का, हे दाखवायला त्यांना दोन मिनिटे लागतात. ती दोन मिनिटे तुम्ही हक्काने मागा. दाढ काढली तर पुढे काय होईल, काहीच केले नाही तर काय होईल, एकूण खर्च किती आणि त्यात कॅप धरली आहे की नाही, हेही खुर्चीवर बसण्याआधी विचारा. मन मानत नसेल तर तोच एक्स-रे घेऊन दुसऱ्या दंतवैद्याचे मत घ्या. सिव्हिल हॉस्पिटलमध्येही दाखवता येते. आपल्या निदानाची खात्री असलेल्या डॉक्टरांना याचा अपमान वाटण्याचे कारण नाही.

दाढ काढणे त्या दिवशी स्वस्त पडते हे खरे. पण रिकाम्या जागेकडे शेजारची दाढ कलू लागते, समोरची दाढ खाली किंवा वर सरकते, आणि नंतर तिथे दात बसवायचा म्हटले तर खर्च पुन्हा उभा राहतो. कॅपच्या बाबतीत आपल्या भागासाठी मी जास्त आग्रही असतो. पोकळ झालेली दाढ नुसती सिमेंट भरून ठेवली, तर कडक भाकरीचा तुकडा मोडताना तिचा कोपरा तुटू शकतो, आणि भेग मुळापर्यंत गेली तर आधीची सगळी मेहनत आणि पैसा वाया जातो.

प्रश्न : माझी आई विड्या वळते. ती कित्येक वर्षे सकाळ-दुपार मिश्री लावते. हिरड्यांतून रक्त येते, पण दवाखान्यात गेल्यावर ती मिश्रीचे नावही काढत नाही. मागे एका डॉक्टरांनी सर्वांसमोर खडसावल्यापासून ती जायलाच तयार नाही.
– एक वाचक, विडी घरकुल

उत्तर : आईंना जे ऐकावे लागले ते चुकीचे होते, हे आधी स्पष्टपणे लिहितो. चारचौघांत लाज वाटली की माणूस खरे सांगत नाही, आणि खरी माहिती नसेल तर आम्ही नीट उपचार करू शकत नाही. मिश्री म्हणजे भाजून कुटलेली तंबाखू; दंतमंजन समजून सुरू झालेली ही सवय पुढे निकोटिनचे व्यसन बनते. ‘मिश्रीशिवाय पोट साफ होत नाही’ असे या बायका सांगतात, ते खोटे नसते. निकोटिनचा आतड्यांवर परिणाम होतोच. म्हणून ‘उद्यापासून बंद’ असे फर्मान काढू नका. दुपारची वेळ आधी सोडवा, सकाळी कोमट पाणी आणि जेवणात भाजी वाढवा, आणि तंबाखूच्या पाकिटांवर छापलेला १८००-११-२३५६ हा निःशुल्क क्रमांक त्यांच्यासोबत बसून लावा.

तपासणी मात्र लांबवू नका. हिरड्यांतील रक्तासाठी दात साफ करून घ्यावे लागतील. त्याने दात हलतात हा समज खरा नाही, साठलेले किटण निघाल्यावर आधीपासूनच सैल असलेले दात जाणवू लागतात, इतकेच. त्यांना मधुमेह असेल तर तोही सांगा, कारण वाढलेली साखर आणि हिरड्यांचा आजार एकमेकांना बळ देतात. मिश्री ठेवण्याच्या जागी पांढरा किंवा लाल चट्टा असेल, दोन आठवड्यांत न भरणारी जखम असेल किंवा तोंड पूर्वीसारखे उघडत नसेल, तर त्याच आठवड्यात दाखवा. आई घरी तेलुगू बोलत असतील तर ती भाषा समजणारे डॉक्टर शोधा. आपल्या शहरात ते अवघड नाही, आणि स्वतःच्या भाषेत माणूस लपवलेली गोष्टही सांगतो, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

प्रश्न : वरची दाढ काढल्याने नजर कमी होते का?
– एक वाचक, अक्कलकोट

उत्तर : नाही. दातांची संवेदना वाहून नेणारी नस आणि दृष्टीची नस या पूर्णपणे वेगळ्या आहेत. दाढ काढण्याचे वय आणि चष्मा लागण्याचे वय बहुधा एकच असते, त्यातून हा समज पसरला असावा. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर ती स्वतःहून बंद करू नका. दाढ काढण्यापूर्वी दंतवैद्यांना तिची चिठ्ठी दाखवा.