अकादमीची फी राहू द्या, आधी पॉलिसीचा कागद नीट वाचा

कराड तालुक्यातून एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय ४४, सहकारी साखर कारखान्यात कारकून, हातात महिना ४२ हजार. मुलगा यंदा ८६ टक्क्यांनी दहावी पास झाला आणि एनडीएचा, म्हणजे सैन्याचे अधिकारी घडवणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा, ध्यास घेऊन बसला आहे. एका निवासी अकादमीने दोन वर्षांचे २ लाख ८० हजार सांगितलेत, 'लेखी पास न झाल्यास निम्मी फी परत' या हमीसह. बँकेत ३ लाखांची एफडी आहे. ती मोडू की पत्नीच्या पाटल्यांवर सोनेतारण कर्ज काढू, एवढाच त्यांचा प्रश्न. शेवटी जाता जाता लिहिलंय : "घराचं ९ लाखांचं कर्ज आहे, हप्ता ११ हजार. पुढच्या शिक्षणाची चिंता नाही, एनडीएत सगळं सरकार करतं. शिवाय मुलाच्या नावे २०२१ पासून पॉलिसी आहे, वर्षाला ६० हजार भरतो. धाकटी मुलगी आठवीत आहे, तिचा अजून प्रश्न नाही." सोबत पॉलिसीच्या पहिल्या पानाचा फोटो.

दादा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर देतोच, पण तो फोटो पाहिल्यावर आधी त्याबद्दलच बोलायला हवं.

विमा कोणाचा उतरवलाय, तो रकाना बघा. तिथे मुलाचं नाव आहे. तुम्ही फक्त प्रस्तावक, म्हणजे हप्ते भरणारे. घर चालतं तुमच्या पगारावर, कर्ज तुमच्या नावावर, आणि विमा उतरवलाय तेव्हा अकरा वर्षांच्या असलेल्या पोराचा! तुम्हाला काही झालं तर त्या पॉलिसीतून घरात एक रुपया येणार नाही. उलट प्रीमियम माफीचा रायडर, म्हणजे तुमच्यामागे पुढचे हप्ते माफ करणारी जोड, घेतलेला नाही, तो रकाना कोरा आहे. म्हणजे वहिनींनी कर्जाचा हप्ताही भरायचा आणि पॉलिसीचे ६० हजारही. तुमच्या स्वतःच्या नावावर दुसरा कुठलाच विमा पत्रात दिसत नाही. हे वाचून मला खरोखर काळजी वाटली.

आता मुदत. पंधरा वर्षं, म्हणजे २०३६. तेव्हा मुलगा २६ वर्षांचा असेल. शिक्षणासाठी म्हणून विकलेली पॉलिसी शिक्षण संपल्यावर पैसे देणार. पॉलिसी विकणाऱ्याने हे सांगायला हवं होतं, तो बोलला नाही याचा मला राग येतो. हाती किती येणार? विमा रक्कम साडेसात लाख. पाच वर्षांत बोनस १ लाख ६५ हजार जमलाय, म्हणजे वर्षाला ३३ हजार. त्याच गतीने पंधरा वर्षांत पाच लाख. एकूण साडेबारा. तुम्ही भरणार ९ लाख. हिशेब जेमतेम चार टक्क्यांवर येतो. हेच ६० हजार दरवर्षी पीपीएफमध्ये गेले असते तर आजच्या ७.१ टक्क्यांनी सव्वासोळा लाख झाले असते.

तरीही पॉलिसी मोडू नका. आत्ता सरेंडर केली तर भरलेल्या तीन लाखांतले साधारण निम्मेच हातात येतील. ती पेड-अप करा : पुढचे हप्ते बंद, पॉलिसी तशीच ठेवायची. पाच हप्त्यांच्या प्रमाणात अडीच लाख आणि जमलेला बोनस मिळून २०३६ मध्ये चार लाख पंधरा हजारांच्या आसपास मिळतील. चालू ठेवली तर पुढच्या हप्त्यांवर सहा टक्के सुटतात, हे मान्य. पण ते पैसे तुम्हाला आत्ता हवे आहेत. शाखेतून सरेंडर आणि पेड-अप दोन्हींचे आकडे लेखी घ्या, एजंटच्या तोंडी हिशेबावर जाऊ नका.

हप्ता थांबवण्याआधी मात्र स्वतःचा शुद्ध टर्म विमा, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा, हातात आला पाहिजे. ७५ लाख, वयाच्या साठीपर्यंत. तंबाखू नसेल आणि तब्येत ठीक असेल तर वर्षाला पंधरा ते वीस हजार धरा. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटी नाही, तेवढा फायदा आहे. अर्जात बीपी, साखर, काहीही लपवू नका. आणि १८७४ च्या विवाहित स्त्री मालमत्ता कायद्याखाली घ्या, म्हणजे ती रक्कम पत्नी-मुलांचीच राहते, कर्ज देणाऱ्यांना तिच्यावर हात टाकता येत नाही. उरलेले चाळीस हजार दरवर्षी आरडीत. दोन वर्षांनी ते कशाला लागतील, ते पुढे सांगतो.

आता एनडीए. तुमचं म्हणणं खरं आहे, खडकवासल्याला पोहोचलेल्या मुलाचं शिक्षण, राहणं, जेवण सरकार करतं आणि त्यानंतरच्या शेवटच्या टप्प्यात, सैन्याच्या प्रशिक्षण अकादमीत, महिना ५६,१०० रुपये विद्यावेतनही मिळतं. पण पोहोचेपर्यंतचं गणित बघा. यूपीएससी वर्षातून दोनदा परीक्षा घेते, दर वेळी साधारण चारशे जागा, अर्ज लाखांत. लेखी ९०० गुणांची : गणित ३००, सामान्य क्षमता ६००. चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापतात. अलीकडे लेखीचा कटऑफ तीनशेच्या आसपास आहे. म्हणजे अकरावी-बारावीचं गणित पक्कं असलेला, न येणारा प्रश्न सोडून देण्याची शिस्त असलेला मुलगा लेखी काढू शकतो. नंतर एसएसबीचे, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाच्या चाचण्या-मुलाखतीचे, आणखी ९०० गुण. पहिल्याच दिवशी बुद्धिमापन चाचणी : अक्षरांच्या, आकृत्यांच्या मालिका, वेळ अपुरा. मग चित्रावरून गोष्ट लिहायची आणि गटात चर्चा. बरीच मुलं त्याच दिवशी घरची गाडी पकडतात.

म्हणून त्या हमीचा मला संताप येतो. ती फक्त लेखीची आहे. लेखीतून काही हजार मुलं पुढे जातात, शेवटच्या यादीत काहीशे उरतात. मधली सगळी मुलं फ्लेक्सवर 'यशस्वी' म्हणून झळकतात आणि त्यांच्या पालकांना फी परत मिळत नाही.

ही फी देऊ नका. एफडी मोडायची नाही, पाटल्याही गहाण ठेवायच्या नाहीत. कर्जाचा हप्ता आणि आत्ताचा पॉलिसीचा प्रीमियम वजा जाता तुमच्या घरात चार माणसांना महिन्याला २६ हजार उरतात. ती एफडी तुमच्या अडीअडचणीचा एकमेव आधार आहे.

फीचा विचार करण्याआधी मुलाचे डोळे, रंगदृष्टी, तळपाय आणि गुडघे तपासून घ्या. सपाट तळवे किंवा एकमेकांना घासणारे गुडघे यांमुळे मुलं वैद्यकीय तपासणीत अडकतात. डॉक्टरांची फी हजार-दोन हजार होईल, पण हे दोन वर्षांनी कळण्यापेक्षा आज कळू दे.

मुलाला कराडमध्येच विज्ञान शाखेत, रोज तास होणाऱ्या कॉलेजात घाला. या अकादम्यांत बऱ्याचदा नाव एका कॉलेजात आणि मूल दुसरीकडे, असं चालतं. त्यात बारावी कच्ची राहते. एनडीएचं गणित आणि इंजिनिअरिंग प्रवेशाच्या सीईटीचं गणित बरंचसं एकच आहे. एमएचटी-सीईटीत २० टक्के अकरावीचं आणि ८० टक्के बारावीचं येतं. एका अभ्यासात दोन दारं उघडतात. जुन्या प्रश्नपत्रिका यूपीएससीच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. बुद्धिमापनाचा सराव घड्याळ लावून रोज अर्धा तास, त्याला एक पुस्तक पुरतं. लेखी निघाली की पंधरवड्याचा एसएसबी वर्ग लावा, वीसेक हजार. गणिताची शिकवणी धरून दोन वर्षांचा सगळा खर्च सत्तर हजारांत बसेल. वैमानिक व्हायचं असेल तर त्याला आत्ताच सांगून ठेवा की ती संगणकीय वैमानिक चाचणी आयुष्यात एकदाच देता येते.

नाही झालं तर? याची तयारी तुम्ही काहीच केलेली नाही. इंजिनिअरिंगला खासगी कॉलेजात वर्षाला लाख-सव्वा लाख धरा, चार वर्षांचे पाच लाख. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे, त्यामुळे कॅप फेरीतून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेशफेरीतून, प्रवेश घेतला तर खुल्या प्रवर्गालाही राजर्षी शाहू महाराज योजनेत निम्मं शिक्षण शुल्क मिळतं. व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर नाही. आरडीचे ऐंशी-पंच्याऐंशी हजार त्याच पहिल्या वर्षासाठी. एनडीए झालंच, तर ते घराच्या कर्जात भरा.

छत्रपती संभाजीनगरला राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून मुलांना याचसाठी तयार करते. तिची प्रवेशपरीक्षा दहावीत असतानाच द्यावी लागते, तुमच्या मुलाची ती वेळ गेली. पण नाशिकला मुलींसाठी अशीच संस्था २०२३ मध्ये सुरू झाली आहे. २०२५ च्या मे महिन्यात एनडीएतून मुलींची पहिली तुकडी, सतरा जणी, बाहेर पडली. तुमची लेक आठवीत आहे, तिच्या हातात दोन वर्षं आहेत. आणि आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना कॅपमधून इंजिनिअरिंगचं शिक्षण शुल्क २०२४ पासून पूर्ण माफ आहे. तिचाही प्रश्न आहे, दादा. तिला विचारा, काय व्हायचंय.