एमजीबीची नवी टाकी: रंग कुठे धरतो, कुठे सुटतो

प्रश्न: माझ्याकडे १९७२ ची एमजीबी रोडस्टर (उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार) आहे. जुनी पेट्रोलची टाकी वरून गंजून गळायला लागली, म्हणून जस्ताचा मुलामा दिलेली नवी टाकी बसवली. बसवण्याआधी तिला काळ्या सिंथेटिक इनॅमलचे दोन हात दिले होते. एका हिवाळ्यात रंगाचे पापुद्रे सुटले, खाली जस्त मात्र चकचकीत आहे. टाकी पुन्हा उतरवली आहे. आता काय करावे?
– एक वाचक, लेस्टर

उत्तर: सिंथेटिक इनॅमल तेलापासून केलेल्या अल्किडवर आधारलेले असते आणि अल्किडचे जस्ताशी जमत नाही. ओल लागली की दोघांत क्रिया होऊन रंगाच्या तळाशी साबणासारखा थर तयार होतो आणि पकड सुटते. पापुद्र्याखाली स्वच्छ जस्त दिसले, ही त्याचीच खूण. त्यावर तोच रंग आणखी जाड चढवून काही साधणार नाही. तो सगळा काढावाच लागेल.

पण आधी सुरक्षेचे. ही टाकी वापरलेली आहे. पेट्रोल काढून घेतले तरी आत वाफ राहते, आणि रिकाम्या टाकीतली वाफ-हवा भरलेल्या टाकीपेक्षा जास्त घातक असते. काम उघड्यावर करा. हीट गन, ड्रिल, ग्राइंडर, ठिणगी पडेल असे काहीही जवळ नको. गरम पाणी आणि भांड्यांचा साबण घालून टाकी तीन-चार वेळा खळखळून धुवा, उलटी करून निथळू द्या आणि साध्या हवेने पूर्ण वाळवा.

रंग काढायला आम्ल किंवा कॉस्टिक नसलेला जेलसारखा पेंट रिमूव्हर घ्या. जस्त आम्लातही विरघळते आणि कॉस्टिकमध्येही, त्यामुळे या दोन्हींनी रंगाबरोबर मुलामाही जाईल. वायर ब्रश आणि सँडब्लास्टिंगही टाळा. मुलामा फार पातळ असतो आणि टाकीचा पत्रा ब्लास्टिंगच्या माऱ्याने लाटा घेतो. प्लॅस्टिकची खरवडणी आणि नायलॉनचा ब्रश पुरतो. कुठे पांढरी भुकटी जमली असेल तर तो जस्ताचा गंज. पाणी आणि तपकिरी-लाल (मरून) रंगाच्या स्कॉच-ब्राइट घासणीने घासला की जातो.

रंगाआधी गळती तपासा. ताज्या रंगाने सुईएवढे छिद्र काही दिवस बुजते आणि पेट्रोल भरल्यावर फोड येऊन उघडे पडते. सगळी तोंडे बुजवा, एका नळीतून सायकलच्या हातपंपाने हवा भरा आणि सांध्यांवर साबणाचे पाणी लावा. दाब १ पीएसआयच्या वर नेऊ नका, टाकी फुगून तिचा आकार बिघडतो.

मग तयारी. सिलिकॉन-ग्रीस रिमूव्हरने दोन कापडांनी पुसा: एक ओले, लगेच मागून दुसरे कोरडे. एकाच कापडाने पुसत राहिलात तर तेल नुसते इकडचे तिकडे होते. आता त्याच स्कॉच-ब्राइटने चकाकी जाईपर्यंत घासा, पोलाद दिसेपर्यंत नव्हे. पुन्हा पुसा आणि यापुढे उघड्या हाताने टाकी धरू नका.

पहिला थर टू-पॅक (रंग आणि हार्डनर ऐनवेळी मिसळायचे अशा) इपॉक्सी प्राइमरचा, आणि तोही डब्यावर किंवा माहितीपत्रकात जस्ताच्या मुलाम्यासाठी चालतो असे लिहिलेला. एच (etch) प्राइमर, म्हणजे आम्लाने धातूचा पृष्ठभाग किंचित खाऊन पकड घेणारा, तोही जस्तावर धरतो. पण एचवर इपॉक्सी मारू नका. एचमधले आम्ल इपॉक्सीच्या हार्डनरला बाधते आणि बरेच उत्पादक ही जोडी नको म्हणून बजावतात. एमजीबीच्या टाकीला दोन हातांसाठी मिसळलेला अर्धा लिटर प्राइमर पुरतो, स्प्रेत उडून जाणारा धरून. इंग्लंडमधल्या थंड गॅरेजमध्ये हेच काम जास्त बिघडते: १० अंशांखाली इपॉक्सी नीट पिकत नाही आणि गार पत्र्यावर दव धरते. टाकी आदल्या रात्री घरात आणून ठेवा, हवा १५ अंशांच्या वर असेल तेव्हाच मारा. वरचा हात माहितीपत्रकात दिलेल्या मुदतीत द्या. मुदत उलटली तर पुन्हा घासावे लागते.

प्राइमरवर, रंगाआधी, कडेच्या जोडपट्टीला पॉलियुरेथेन सीम सीलर भरा. मुख्यतः वरच्या बाजूने. ही टाकी डिकीच्या तळाखाली टांगलेली असते आणि मधल्या अरुंद फटीत चाकांनी उडवलेला चिखल साचतो. हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेले मीठही त्यातच. तुमची पहिली टाकी वरून का गंजली याचे उत्तर या फटीत आहे. म्हणून वरचा पृष्ठभाग गुळगुळीत ठेवा. खरखरीत स्टोन-चिप कोटिंग फक्त खाली आणि पुढच्या बाजूला द्या, जिथे खडे लागतात. वर दिले तर ते चिखल धरून ठेवते. शेवटी काळ्या टू-पॅक रंगाचे दोन हात. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे फुप्फुसांना घातक रसायन असते आणि साधा मास्क त्याला पुरत नाही. बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क नसेल तर हे काम बॉडीशॉपला द्या, किंवा ब्रशने लावायचा, आयसोसायनेट नसलेला इपॉक्सी चॅसिस पेंट वापरा. टाकी कुणाला दिसत नाही, ब्रशच्या रेघांनी काही बिघडत नाही.

बसवताना टाकी आणि तळ यांच्यामधल्या पट्ट्या बंद छिद्रांच्या निओप्रीनच्या घ्या. नमदा किंवा स्पंजसारखा फोम पाणी शोषून महिनोन्‌महिने पत्र्याला ओल लावत राहतो. तळाच्या पत्र्याला आणि टाकीच्या माथ्याला कॅव्हिटी वॅक्स (गंजरोधक मेण) मारा. बोल्ट यूएनएफ (इंची मापाच्या) आट्यांचे आहेत, मेट्रिक ठोकून बसवू नका. दर वसंतात होजपाइपने कमी दाबाने ती फट धुतली तर या सगळ्या कष्टांचे चीज होईल.

प्रश्न: टाकी रंगवून बसवली आणि पेट्रोलचा काटा ‘रिकामी’वरून हलेना. शिवाय टाकी पूर्ण भरली की उजव्या बाजूने वास येतो. सेंडर (टाकीतली पेट्रोलची पातळी काट्याला कळवणारा भाग) नवा आहे.
– एक वाचक, स्लाउ

उत्तर: सेंडर बहुधा ठीक आहे, त्याचे अर्थिंग तुटले आहे. मूळ रचनेत टाकीचा पत्रा बोल्टमार्गे बॉडीशी जोडलेला असतो. तुम्ही जोडपट्टीसकट सगळे रंगवले, बोल्टखालीही रंग गेला, आणि वाट बंद झाली. व्होल्टेज स्टॅबिलायझरवर चालणाऱ्या मीटरला प्रवाह मिळाला नाही की काटा रिकाम्यावर पडतो. मल्टिमीटरने टाकी आणि बॉडी यांमधला रोध मोजा. तो खूप जास्त आला किंवा जोडणीच दिसली नाही तर दोष हाच. रंग खरवडत बसू नका. सेंडरच्या अर्थिंगच्या पिनेवरून एक काळी वायर बॉडीच्या स्वच्छ पत्र्यावर आणा, जोडावर थोडे व्हॅसलीन लावा. तरीही काटा हलला नाही तर इग्निशन बंद ठेवून सेंडरची सिग्नल वायर बॉडीला जोडा आणि मग काही सेकंद चावी फिरवा. काटा हळूहळू ‘भरलेली’कडे सरकला तर वायर आणि मीटर चांगले आहेत. जोडणी नेहमी इग्निशन बंद असताना करा, टाकीशेजारी ठिणगी नको.

वासाचे कारण वेगळे. या टाकीचा सेंडर माथ्यावर नसून कुशीला आहे. पेट्रोल त्याच्या पातळीच्या वर गेले की नीट न बसलेले सील गळते, खाली असताना कळत नाही. रबरी सील बसते त्या गोल कडेवर रंगाचे थेंब किंवा स्टोन-चिपचे दाणे राहिले असतील. पेट्रोल उतरवा, लॉक रिंग पितळी दांड्याने ठोकून सोडवा, कडा स्वच्छ करा आणि नवे सील टाका. सिलिकॉन सीलंट लावू नका, पेट्रोलमध्ये तो फुगून सुटतो.

प्रश्न: एका वर्कशॉपवाल्याने पावडर कोटिंगच सगळ्यात टिकाऊ म्हणून सुचवले. द्यावे का?
– एक वाचक, बर्मिंगहॅम

उत्तर: टाकीसाठी आम्ही नाही म्हणू. भट्टी साधारण १८० ते २०० अंशांवर चालते. वापरलेली टाकी तिथे नेणे सरळ धोक्याचे आहे. नवीतही मऊ झाळ वापरलेली असेल तर सांधा उघडू शकतो, आणि जस्ताखालून निघणाऱ्या वायूने कोटिंगमध्ये बारीक भोके पडतात. शिवाय एक खडा लागून टवका उडाला की पाणी कोटिंगखाली सरकत जाते आणि वरून सगळे छान दिसत राहते.

प्रश्न: माझी एमजीबी पुण्यात आहे. गॅरेजमध्ये नव्या टाकीला नेहमीचे काळे अंडरबॉडी कोटिंग मारून देतात. पंपावर आता ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल) मिळते. आतूनही सीलर लावून घ्यावा का?
– एक वाचक, पुणे

उत्तर: ते काळे कोटिंग बहुतेकदा डांबरी असते आणि डांबर पेट्रोलमध्ये विरघळते. भरताना सांडलेले पेट्रोल फिलरच्या नळीवरून ओघळले की तेवढा पट्टा धुऊन निघतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. इपॉक्सी आणि टू-पॅकच घ्या. जून ते सप्टेंबर हे काम काढू नका. दमट हवेत इपॉक्सीवर चिकट, मेणचट साय येते आणि वरचा हात तिच्यावर धरत नाही.

नव्या, न गळणाऱ्या टाकीत सीलर नकोच. आतले तेल आणि धातूचे कण धुऊन काढणे पुरेसे आहे. इथेनॉलला न टिकणारा सीलर काही काळाने पापुद्र्यांनी सुटतो, पेट्रोल खेचणाऱ्या नळीच्या जाळीवर बसतो आणि पंप नुसता टकटकत राहतो. इथेनॉल हवेतले पाणी ओढते. पाणी फार झाले की दोन्ही मिळून तळाशी वेगळे बसतात आणि गंज तळापासून धरतो. म्हणून गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल तर टाकी पूर्ण रिकामी आणि कोरडी करून ठेवा. रबरी नळ्या मात्र सगळ्या बदला, एसएई जे३० आर९ छाप असलेल्या. जुन्या रबराला ई२० आतून मऊ करते आणि बाहेरून नळी धडधाकट दिसते.