सामाईक भिंतीचं डिझाइन करताना

दांडिया बाजारातल्या जुन्या, एकमेकांना चिकटलेल्या घरांचं काम मिळालंय ना तुला? मग मधल्या भिंतीची नुसती जाडी बघून थांबू नकोस. एका बाजूचं छत जळून कोसळलं तरी भिंत उभी राहायला हवी, खरी परीक्षा तीच. दोन्हीकडच्या तुळया तिच्यात घट्ट अडकवल्यास पडताना त्या तिलाही ओढतात. जागा असेल तिथे दोन स्वतंत्र भिंती घे, मधे फट ठेव. आणि प्रसरण मोजच! 10 मीटरची पोलादी तुळई 500 अंशांनी तापली तर सुमारे 60 मिलिमीटर वाढते, भिंतीला ढकलते. राष्ट्रीय बांधकाम संहिता 2016, भाग 4 (आगीपासून सुरक्षेचा भाग) आधी वाच. वायरिंगची भोकं आगरोधक मसाल्याने बुजवलीत का, ते साइटवर स्वतः बघ.