सोन्याचा भाव वाढला की परदेशी खाणीचा शेअर वाढेलच का?

तुम्ही विचारलंय की सोनं एवढं चढलंय, तर दागिने किंवा गोल्ड ईटीएफ (शेअरसारखा बाजारात मिळणारा, सोन्याच्या भावाप्रमाणे चालणारा फंड) घेण्यापेक्षा परदेशातल्या सोन्याच्या खाण कंपन्यांचे शेअर घेतले तर जास्त फायदा नाही का? आणि 'राजकीय जोखीम' म्हणतात ती नेमकी काय असते?

फायद्याचं गणित खरं आहे. समजा, एक औंस (सुमारे ३१ ग्रॅम) सोनं काढायला एका खाणीला सगळा खर्च धरून १,४०० डॉलर लागतात. भाव २,००० असेल तर ६०० उरतात, २,४०० झाला की १,०००. सोनं २० टक्के वाढलं, नफा सुमारे ६७ टक्क्यांनी वाढला. हाच हिशोब करून मी २०१६ साली एका कंपनीत पैसे घातले. तिची एकाच देशात एकच खाण होती. दोन वर्षांत तिथलं सरकार बदललं आणि नव्या सरकारने परवान्याचं नूतनीकरण अडवून ठेवलं. माझा शेअर निम्म्याच्याही खाली आला. खाणीतलं सोनं मात्र कणभरही कमी झालं नव्हतं. हीच राजकीय जोखीम.

त्याच सुमारास आईच्या पाटल्या मोडायला आम्ही सोलापुरात मधल्या मारुतीजवळच्या एका पेढीवर गेलो होतो. वजन करताना सराफांनी पंखा बंद केला, काट्यावरचं काचेचं झाकण लावलं आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबले. वजन, त्या दिवशीचा भाव, घट वजा, रोख हातात. पाच मिनिटांत व्यवहार संपला. पाटली आईची होती, ती विकायला कुणाची परवानगी लागत नव्हती. खाणीतलं सोनं तसं नसतं. ते बहुतेक ठिकाणी त्या देशाचं असतं, कंपनीकडे असतो फक्त ते काढायचा परवाना.

आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या यंत्रमाग कारखानदाराला इथे परवडेनासं झालं तर तो माग खोलून ट्रकवर चढवू शकतो. खाण उचलून नेता येत नाही. कोट्यवधी डॉलर आधीच जमिनीत गेलेले असतात आणि हे सरकारलाही ठाऊक असतं. खाण उभी राहीपर्यंत अटी सैल असतात. सोनं निघू लागलं, भाव चढला, की कराराची फाइल पुन्हा उघडते. त्यामुळे सोनं महाग होतं तेव्हाच ही जोखीमही वाढते, आणि नवा गुंतवणूकदार नेमका त्याच वेळी आत शिरतो.

पश्चिम आफ्रिकेतल्या माली या देशाचं उदाहरण नीट बघा. तिथे २०२० आणि २०२१ मध्ये लष्करी बंड झालं. २०२३ साली नवा खाण कायदा आला, ज्यात सरकार आणि स्थानिक गुंतवणूकदार मिळून ३५ टक्क्यांपर्यंत हिस्सा घेऊ शकतात. बॅरिक या कॅनडाच्या कंपनीची तिथे लुलो-गुन्कोतो ही मोठी खाण आहे, ८० टक्के कंपनीची, २० टक्के सरकारची. वाद पेटला तसं नोव्हेंबर २०२४ मध्ये सोन्याची निर्यात अडवली गेली आणि कंपनीचे चार कर्मचारी तुरुंगात गेले. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने हेलिकॉप्टर पाठवून खाणीवरचं सुमारे तीन टन सोनं उचललं आणि कंपनीला काम थांबवावं लागलं. तडजोड जाहीर झाली ती नोव्हेंबर २०२५ मध्ये. मधल्या काळात सोन्याने औंसाला ३,००० आणि मग ४,००० डॉलरही ओलांडले. म्हणजे इतकं चांगलं वर्ष आणि कंपनीची ही खाण बहुतांश वर्षभर तिच्या हाताबाहेर. त्याच देशात ऑस्ट्रेलियाच्या रेझोल्यूट कंपनीचे मुख्य अधिकारी बोलणी करायला गेले आणि अडकवले गेले. ते सुटले ते कंपनीने १६ कोटी डॉलर द्यायचं कबूल केल्यावर.

'कोर्टात जाता येतं ना?' जाता येतं. व्हेनेझुएलाने २०११ साली क्रिस्टॅलेक्स या कॅनडाच्या कंपनीचा सोन्याच्या खाणीचा करार रद्द केला. आंतरराष्ट्रीय लवादाने २०१६ मध्ये १.२ अब्ज डॉलरची भरपाई आणि वर व्याज मंजूर केलं, पण ती वसूल करायला कंपनी पुढची कित्येक वर्षं अमेरिकेतल्या कोर्टात लढत राहिली. रोमानियात रोशिया मोंताना इथे होऊ घातलेल्या सोन्याच्या खाणीला लोकांनीच रस्त्यावर उतरून विरोध केला. तिथे परवाना न मिळालेली कंपनी २०२४ मध्ये लवादातही हरली.

यात ती सरकारं लबाड आणि कंपन्या साव असं मी मानत नाही. आपल्या शेजारच्या कर्नाटकातलं कोलार आठवा. १८८० पासून जॉन टेलर अँड सन्स या ब्रिटिश कंपनीने तिथलं सोनं काढलं आणि १९५६ साली म्हैसूर सरकारने खाणी ताब्यात घेतल्या. लंडनच्या भागधारकासाठी ती राजकीय जोखीम होती. आपल्या लोकांसाठी ते आपल्या जमिनीतलं सोनं होतं. मालीतल्या माणसालाही आज तसंच वाटत असेल, तर मला ते समजतं. पण पैसे घालताना हे समजून घालायला हवेत.

तेव्हा शेअर घेण्याआधी कंपनीच्या वार्षिक अहवालात एकच गोष्ट आधी शोधा, कुठल्या देशातून किती टक्के सोनं येतं. निम्म्याहून जास्त एकाच देशातून येत असेल तर मी हात लावत नाही. मग परवान्याची मुदत कधी संपते ते बघा, आणि तिथे निवडणूक कधी आहे तेही. भीती कमी करायची असेल तर अनेक कंपन्या असलेला मायनिंग फंड बरा, तरी एकूण बचतीच्या पाच टक्क्यांवर मी स्वतः जात नाही. मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे असतील तर ते ईटीएफमध्येच राहू द्या.

कुठली कंपनी डोक्यात आहे ते खाली लिहा. तिचा अहवाल काढून देशवार आकडे आपण मिळून बघू.