ओबामा आमदार होते तेव्हा

प्रश्न : अमेरिकेतील राज्य विधिमंडळाचा सदस्य आपल्या आमदारासारखाच पूर्णवेळ राजकारणी असतो का? बराक ओबामा यांनी त्या पदावर असताना नेमके काय केले?

उत्तर : बहुतेक राज्यांत हे पद पूर्णवेळ नाही. न्यू हॅम्पशायरमध्ये तर दोन वर्षांच्या मुदतीसाठी अवघे २०० डॉलर मानधन मिळते, त्यामुळे पोटापाण्याचा वेगळा उद्योग करावाच लागतो. ओबामा १९९७ ते २००४ या काळात इलिनॉय राज्याच्या सिनेटचे, म्हणजे तेथील विधिमंडळाच्या वरिष्ठ सभागृहाचे, सदस्य होते आणि त्याच वर्षांत शिकागो विद्यापीठात कायदाही शिकवत होते. सुरुवातीची सहा वर्षे त्यांचा डेमोक्रॅटिक पक्ष तेथे विरोधी बाकांवर होता. शिवाय २००० साली अमेरिकी संसदेच्या (काँग्रेसच्या) कनिष्ठ सभागृहाच्या उमेदवारीसाठी आपल्याच पक्षाचे तेव्हाचे खासदार बॉबी रश यांना आव्हान देऊन त्यांनी सपाटून मार खाल्ला.

पक्षाला बहुमत मिळाल्यावर, २००३ मध्ये, त्यांनी जो कायदा करवून घेतला तो मला त्यांच्या पुढच्या अनेक गाजलेल्या भाषणांपेक्षा मोलाचा वाटतो. इलिनॉयमध्ये निरपराध माणसांना फाशीची शिक्षा झाल्याची प्रकरणे उघडकीस आली होती. खुनाच्या गुन्ह्यात पोलीस कोठडीतील संशयिताच्या चौकशीचे ध्वनिमुद्रण किंवा चित्रीकरण या कायद्याने बंधनकारक झाले. पोलिसांचा आरंभी विरोध होता; तरीही त्यांच्याशी, सरकारी वकिलांशी आणि रिपब्लिकन सदस्यांशी चिकाटीने चर्चा करून, मसुद्यातील आक्षेपांना उत्तरे शोधत, ओबामांनी ते विधेयक सिनेटमध्ये एकमताने संमत करून घेतले.