शिसेविरहित पेरोव्हस्काइट नॅनोस्फटिक : डोपिंग केलं, तरी प्रकाश कमी का?

प्रश्न : सीझियम-चांदी-इंडियम क्लोराइडचे नॅनोस्फटिक केले. एक्सआरडी (स्फटिकाची रचना तपासणारी क्ष-किरण चाचणी) स्वच्छ आहे, पण यूव्ही दिव्याखाली जवळजवळ काहीच दिसत नाही. नमुनाच बिघडला आहे का?

नमुना ठीक आहे. शुद्ध रूपात हा पेरोव्हस्काइट (एका ठराविक रचनेचा स्फटिक) असाच मंद असतो. बँडगॅप (इलेक्ट्रॉनला ओलांडावी लागणारी ऊर्जेची दरी) थेट असला, तरी दोन्ही पट्ट्यांच्या कडांवरच्या अवस्थांची पॅरिटी (एक प्रकारची सममिती) सारखी असल्याने त्यांच्यातलं संक्रमण निषिद्ध ठरतं. एक्सायटॉन (इलेक्ट्रॉन आणि त्याने मागे सोडलेली रिकामी जागा यांची जोडी) जाळीत अडकतो, पण प्रकाश देण्याआधीच त्याची बहुतेक ऊर्जा उष्णतेत जाते. यावर डोपिंगचे, म्हणजे स्फटिकात थोडे परके अणू मिसळण्याचे, दोन उपाय आहेत आणि ते एकत्रच करावेत : चांदीच्या काही जागी सोडियम आणि इंडियमच्या अगदी थोड्या जागी बिस्मथ. सोडियममुळे एक्सायटॉनची सममिती मोडते आणि तो लहान जागेत कोंडला जातो. बिस्मथ दोषांवाटे होणारी गळती कमी करतो, शिवाय ३७० नॅनोमीटरच्या आसपास उपयोगी शोषण देतो. २०१८ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या कामात ४० टक्के सोडियम आणि ०.०४ टक्के बिस्मथ घालून सुमारे ८६ टक्के क्वांटम यील्ड (शोषलेल्या प्रकाशकणांच्या तुलनेत बाहेर पडणाऱ्यांचा वाटा) मिळाला होता. मात्र ती पावडर होती. नॅनोस्फटिकांत पृष्ठभागाचा वाटा मोठा, त्यामुळे त्या आकड्याशी थेट तुलना करून निराश होऊ नका.

प्रश्न : सुरुवातीला कोणती प्रमाणं घ्यावीत? आमचं द्रावण गरम करतानाच तपकिरी होतं.

सीझियम ॲसिटेट ०.५०, सिल्व्हर ॲसिटेट ०.१५, सोडियम ॲसिटेट ०.१० आणि इंडियम ॲसिटेट ०.२४७५ मिलिमोल. बिस्मथ १ टक्का हवा असेल, तर ०.००२५ मिलिमोल, म्हणजे जेमतेम १ मिलिग्रॅम बिस्मथ ॲसिटेट. एवढं थेट तोलू नका. तराजूची चूकच डोपिंगच्या प्रमाणाएवढी होते आणि मग ‘आज चमकलं, काल नाही’ हा खेळ सुरू होतो. ३८.६ मिलिग्रॅम बिस्मथ ॲसिटेट ओलेइक आम्ल आणि ऑक्टाडेसीनच्या मिश्रणात गरम करून विरघळवा, १० मिलिलिटर साठा-द्रावण करा आणि त्यातलं ०.२५ मिलिलिटर घ्या.

फ्लास्कमध्ये हे सगळं आणि ऑक्टाडेसीन ८ आणि ओलेइक आम्ल २ मिलिलिटर घालून ११० अंश सेल्सियसला पाऊण तास निर्वातात ठेवा. मग नायट्रोजन सोडून ०.५ मिलिलिटर ओलेइलअमाइन घाला. १०५ अंशांवर ०.२ मिलिलिटर बेन्झॉइल क्लोराइड ०.५ मिलिलिटर कोरड्या ऑक्टाडेसीनमध्ये मिसळून झटकन टोचा आणि १५-२० सेकंदांत फ्लास्क बर्फात बसवा. लागणारं क्लोराइड १.५ मिलिमोल, या मापात सुमारे १.७ येतं. एवढा जादा पुरवठा पुरे. बेन्झॉइल क्लोराइडची वाफ डोळे-घसा जाळते, तेव्हा सगळं फ्यूम हूडमध्येच.

तपकिरी रंग म्हणजे चांदी धातुरूप होत आहे. अमाइन हे क्षपणकारकही (चांदीच्या आयनाला इलेक्ट्रॉन देणारं) आहे. ते सुरुवातीपासून घालून तासभर तापवलं, की चांदीचे कण बनणारच. म्हणून ते शेवटी घालायचं आणि त्यानंतर थांबायचं नाही. रंग आलाच तर ती बॅच टाकून द्या : ४०० नॅनोमीटरच्या पुढचं चांदीचं शोषण तुमचाच प्रकाश गिळतं.

प्रश्न : बिस्मथ ५ टक्के घातला, तर प्रकाश उलट घटला.

घटणारच. बिस्मथचे शेजारी वाढले, की ऊर्जा एकावरून दुसऱ्यावर उड्या मारत एखाद्या दोषापर्यंत पोहोचते. आधी ०.२, ०.५, १ आणि २ टक्के अशी मालिका करा. आणि फ्लास्कमध्ये घातलेलं प्रमाण स्फटिकातही तेवढंच असेल, असं धरू नका, आयसीपी (मूलद्रव्यांचं प्रमाण मोजणारी चाचणी) करा. त्यात एक सापळा आहे : फक्त नायट्रिक आम्लात नमुना विरघळवला, तर सिल्व्हर क्लोराइडचा साका बसतो आणि चांदी कमी दिसते. संहत हायड्रोक्लोरिक आम्ल भरपूर ठेवलं, की चांदी द्रावणात राहते.

एक्सआरडीत बिस्मथमुळे शिखरं कमी कोनाकडे सरकतात. सोडियममुळेही तसंच होतं, जरी सोडियमचा आयन चांदीपेक्षा लहान असला, तरी. त्यामुळे नुसत्या सरकण्यावरून ‘बिस्मथ आत गेला’ असं लिहू नका. सोडियमसाठी १४.६ अंशांजवळचं १११ शिखर पाहा, ते वाढतं. ३२.२ अंशांना शिखर दिसलं, तर सिल्व्हर क्लोराइड उरलं आहे.

प्रश्न : धुतल्यावर अर्धी चमक जाते.

इथेनॉल किंवा ॲसिटोनने धूत असाल, तर ते थांबवा. ते लिगंड, म्हणजे स्फटिकाच्या पृष्ठभागाला चिकटून त्याला सांभाळणारे रेणू, उपटतात. मिथाइल किंवा इथाइल ॲसिटेट वापरा, एकदाच धुवा आणि हेक्झेनमध्ये पुन्हा विखुरताना ओलेइलअमाइन-ओलेइक आम्लाचा एखादा थेंब घाला.

प्रश्न : मँगनीजने नारिंगी प्रकाश मिळतो, पण मँगनीज आतच आहे हे कसं ओळखावं?

अष्टफलकी (सहा क्लोराइडांनी वेढलेल्या) जागेतला मँगनीज ६२० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश देतो आणि तो मायक्रोसेकंद ते मिलिसेकंद रेंगाळतो. नुसती जाळीची रुंद झळाळी त्यापेक्षा बरीच लवकर मावळते, म्हणून आयुर्मान मोजा. ईपीआरमध्ये (एकट्या इलेक्ट्रॉनांचा वेध घेणाऱ्या चुंबकीय चाचणीत) सहा सुट्या रेषा दिसल्या, तर आयन एकेकटे आहेत. त्या मिसळून एक जाड उंचवटा झाला, तर ते एकमेकांना चिकटलेले किंवा पृष्ठभागावर जमलेले असण्याची शक्यता मोठी. ताज्या लिगंडने धुऊन आयसीपी पुन्हा करा. पृष्ठभागावरचा मँगनीज निघून जातो, आतला राहतो. वर्णपट घेताना लाँग-पास फिल्टर विसरू नका. ३१० नॅनोमीटरने उत्तेजित केलं, तर त्याच प्रकाशाचं दुसऱ्या क्रमाचं विवर्तन नेमकं ६२० वर येऊन बसतं.