अजिंठ्याची चित्रं लंडनला कशी गेली?

प्रश्न : ताई, पोरगा लंडनला नोकरीला आहे, मे महिन्यात मी आणि हे जाऊन येणार आहोत. तो म्हणतो आई तिथल्या म्युझियममध्ये अजिंठ्याची चित्रं आहेत. मग आपल्या लेणीतून काढून नेली का काय त्यांनी? आणि आमची पैठणी दिसेल का तिथं? – एक वाचक, पैठण

उत्तर : काकू, काढून नेली नाहीत, त्या नकला आहेत, पण त्या नकलांचं ऐकलं की जीव हळहळतो. 1844 पासून रॉबर्ट गिल नावाच्या अधिकाऱ्यानं अजिंठा गावात राहून वर्षानुवर्षं लेण्यांतली चित्रं कॅनव्हासवर उतरवली, ती लंडनला क्रिस्टल पॅलेस नावाच्या प्रदर्शनाच्या इमारतीत मांडली आणि 1866 च्या आगीत बहुतेक सगळी जळाली. मग 1872 पासून मुंबईच्या आर्ट स्कूलचे ग्रिफिथ्स सर आपले विद्यार्थी घेऊन हिवाळ्यात अजिंठ्याला नकला करायला यायचे, पेस्तनजी बोमनजी त्या विद्यार्थ्यांतलेच, त्या नकलाही लंडनला गेल्या आणि 1885 ला तिथं पुन्हा आग लागून त्यातल्याही कितीतरी गेल्या. उरलेल्या लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडं आहेत. साहेबाचं नाव सगळे घेतात पण ब्रश आपल्या पोरांच्या हातात होता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आता लेणीत कुठं पापुद्रे पडलेत, कुठं वार्निश काळवंडलंय, म्हणून या नकलांत तेव्हाचं जे टिपलंय त्याला मोल आहे.

तिथं कायमच्या दालनांना तिकीट नाही, खास प्रदर्शनाला असतं. पण सगळं एकदम मांडलेलं नसतं बरं का, म्हणून मुलाला म्युझियमच्या वेबसाईटवर अजिंठा आणि पैठणी टाकून आधीच बघायला सांगा की सध्या काय बाहेर आहे. जुनं कापड साधारण 50 लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) मंद उजेडातच ठेवतात आणि काही महिन्यांनी परत पेटीत जातं, नाहीतर रंग उडतो, त्यामुळं अंधार वाटला तर दोन मिनिटं थांबा, डोळे सरावले की जरीचे धागे दिसायला लागतात. पैठणी समोर आली तर काठ नीट बघा, तुम्हाला तर माहितीच आहे, दोन्ही बाजूनं सारखा, धागे मागं लोंबत नाहीत.

आणि जायच्या आधी एकदा अजिंठ्याला जाऊन या, सोमवार सोडून. पहिल्या लेणीतल्या पद्मपाणीच्या हातातलं निळं कमळ आणि ते धरणारी बोटं डोळ्यात साठवा, म्हणजे तिथं नक्कल दिसली तर ती कितपत जमलीय ते पोराला तुम्हीच सांगाल. पुढं पॅरिसला जाणार असाल तर लूव्ह्र मंगळवारी बंद असतं, आपल्या वेरूळसारखंच.